बावीस बायका आणि एशोवेची दिशा

ह्लेंगीवे चेलेने त्या सकाळी चौथ्यांदा सांगितलं की जहाजावर लोडशेडिंग नसतं, आणि चौथ्यांदा फोनच्या पलीकडच्या बाईंचा त्यावर विश्वास बसला नाही.

"अगं, अख्ख्या देशात दिवसातून दोनदा वीज जाते," माझुंगू म्हणाल्या. "मंत्र्यांच्या घरी जाते. आणि तुझ्या जहाजावर जात नाही? मग ते वीज आणतात कुठून?"

"जहाज स्वतःची वीज स्वतः तयार करतं, मा."

"स्वतः करतं? मग किनाऱ्याला लागल्यावर थोडी आम्हाला का देत नाही?"

"थांबा मा, विचारून सांगते," ह्लेंगीवे म्हणाली आणि तिने तो प्रश्न रजिस्टरमध्ये एकतिसाव्या क्रमांकावर उतरवून घेतला.

'माहीत नाही' हे दोन शब्द तिने आठ वर्षांत एकदाही तोंडातून काढले नव्हते. डरबनच्या वेस्ट स्ट्रीटवरच्या त्या लहानशा ऑफिसात समुद्रसफरीची तिकिटं विकली जात. 'दोन्ना ऑर्सोला' नावाचं जहाज दर शुक्रवारी दुपारी डरबनहून निघायचं, मोझांबिकच्या एका वाळूच्या बेटाजवळ नांगर टाकायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं. त्या जहाजाला मजले किती, जिने किती, नाश्त्याला अंडी कशा कशा प्रकारची मिळतात, हे ह्लेंगीवेला आपल्या घरच्या फडताळापेक्षा जास्त पाठ होतं. नकाशा न बघता ती कुणालाही बाराव्या मजल्यावरून जेवणाच्या हॉलपर्यंत पोचवू शकत असे, वाटेत उजव्या हाताला लागणाऱ्या बायकांच्या स्वच्छतागृहासकट. फक्त त्या जहाजावर तिने कधी पाय ठेवलेला नव्हता.

ही गोष्ट तिला एरवी टोचली नसती. पण गिऱ्हाईक तासभर तिच्यासमोर बसून सगळं विचारून घ्यायचं, समाधानाने मान डोलवायचं, आणि उठता उठता म्हणायचं, "तुम्ही स्वतः गेला असाल ना?" मग ह्लेंगीवे म्हणायची, "आमच्या ऑफिसातले जातात." एवढ्यावर गिऱ्हाईक आपली खुर्ची सरळ ऑफिसचे मालक पडायाची, म्हणजे साहेब, यांच्या टेबलाकडे वळवायचं. साहेब पोटावर हात ठेवून म्हणायचे, "मी सात वेळा गेलोय. मस्त आहे." झालं. तिच्या तासाभराच्या माहितीवर साहेबांच्या दोन वाक्यांचा शिक्का बसायचा आणि सही त्यांच्या टेबलावर व्हायची. सात वेळा जाऊन साहेबांनी जहाजाचा जेवणाचा हॉल आणि जेवणाच्या हॉलच्या शेजारचा हॉल याखेरीज काही पाहिलेलं नव्हतं, हे ह्लेंगीवेला ठाऊक होतं. पण ते गेले होते आणि ती गेली नव्हती, त्यामुळे तिचं काही चालत नसे.

तिकीट तिच्या पगारात बसणारं नव्हतं, त्यामुळे तिला जायचा एकच रस्ता होता. कुणी बावीस माणसांचा एकगठ्ठा ग्रुप आणला, तर जहाज कंपनी ऑफिसातल्या एकाला सोबत म्हणून फुकट नेत असे. बावीस म्हणजे बावीस. एकवीस झाले तर सोबत नाही. आठ वर्षांत असे दोन ग्रुप आले होते आणि दोन्ही वेळा सोबतीला साहेबच गेले होते. पण एशोवेचं हे मंडळ बायकांचं होतं, आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी पहिल्याच फोनमध्ये स्वच्छ सांगितलं होतं की सोबतीला पुरुष चालणार नाही. साहेबांनी नाइलाजाने ह्लेंगीवेचं नाव लिहिलं.

या अध्यक्षीणबाई म्हणजेच माझुंगू. चौतीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. चर्चच्या गुरुवार मंडळात त्यांच्या हाताखाली एकवीस बायका होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, आणि स्वतः धरून बरोब्बर बावीस. दर गुरुवारी प्रार्थना झाली की माझुंगू दोनशे पानी वही उघडायच्या आणि म्हणायच्या, "विचारा." बायका विचारायच्या. माझुंगू प्रश्नापुढे विचारणारीचं नाव लिहून घ्यायच्या, आणि शुक्रवारी सकाळी आठच्या ठोक्याला ह्लेंगीवेचा फोन वाजायचा.

खरी ग्यानबाची मेख त्या नावांत होती. प्रत्येक प्रश्नामागे एक बाई होती, आणि उत्तर पटलं नाही तर ती बाई घरी राहणार होती. एक बाई घरी राहिली की बावीसच्या एकवीस, आणि ह्लेंगीवेही घरी. त्यामुळे ज्या प्रश्नांना ऐकून साहेब टेबलावर डोकं टेकून हसायचे, ते प्रश्न ह्लेंगीवे परीक्षेच्या पेपरासारखे सोडवत होती.

एका बाईंना खोलीला खिडकी नसल्याची काळजी होती. खिडकी नाही तर सकाळ झाल्याचं कळणार कसं? जहाजावर कोंबडा असतो का? ह्लेंगीवेने सांगितलं की खोलीत फोन करून उठवतात. पुढच्या शुक्रवारी विचारणा आली की फोन करणाऱ्याला कोण उठवतं. ह्लेंगीवेने चौकशी करून कळवलं की तो माणूस रात्रपाळीचा असतो, तो झोपतच नाही. त्यावर बाईंना त्या माणसाची दया आली, पण त्या यायला तयार झाल्या.

दुसऱ्या एकींना कप्तानाचं लग्न झालंय का हे हवं होतं. साहेबांना वाटलं, बाईंच्या मनात काहीतरी आहे. तसं काही नव्हतं. बाईंचं म्हणणं एवढंच की बिनलग्नाचे टॅक्सीवाले डरबनच्या रस्त्याला गाडी उडवत नेतात, घरी कुणी वाट बघणारं असलं की माणूस सांभाळून चालवतो. ह्लेंगीवेने जहाज कंपनीला तीन पत्रं लिहिली. कप्तानाला बायको आणि तीन मुली आहेत असं उत्तर आलं, तेव्हा गुरुवार मंडळात टाळ्या वाजल्या म्हणे.

मग जीवरक्षक होड्यांचा प्रश्न आला. बुडायला भीती नव्हती, भीती वाटणीची होती. उंच आवाजाच्या सगळ्या बायका एका होडीत आणि जाड आवाजाच्या दुसऱ्या होडीत असं झालं, तर ऐन वेळी भजन कसं होणार? ह्लेंगीवेने बावीसजणींना एकाच होडीत जागा मिळवून दिली. होडीचा क्रमांक नऊ. माझुंगूंनी तो वहीत लाल शाईने लिहिला.

समुद्राच्या पाण्यावरून मात्र गाडी अडली. डरबनला आलेला माणूस बाटली भरून समुद्राचं पाणी घरी नेतो, यात काही नवल नाही. पण माशांडू नावाच्या बाईंनी आपल्या अख्ख्या गल्लीला शब्द दिला होता की यंदा किनाऱ्यावरचं, शंभर जणांनी पाय बुडवलेलं पाणी नाही, चांगलं खोल समुद्रातलं आणीन. त्यांचा प्रश्न होता, बाटलीला दोरी किती लांब लागेल? जहाजवाल्यांनी कळवलं की कठड्यावरून दोरी सोडायला सक्त मनाई आहे. हे ऐकल्यावर माशांडूंनी नाव मागे घेतलं आणि पाच दिवस ह्लेंगीवेचा डबा तसाच्या तसा घरी परत गेला. सहाव्या दिवशी तिने शोधून काढलं की बेटावर उतरताना छोट्या होडीतून जावं लागतं, आणि त्या होडीचा कठडा पाण्यापासून हातभरच वर असतो. होडीवाल्याशी बोलणं झालं. तो मधोमध दोन मिनिटं इंजिन बंद करणार होता. माशांडू परत आल्या, आणि पुन्हा बावीस भरल्या.

साहेब आता हसत नव्हते. "ह्लेंगी, या बायका समुद्रावर चालल्यात की समुद्र विकत घ्यायला?" ते म्हणाले. "इतर गिऱ्हाइकांकडेही बघ जरा."

ह्लेंगीवे इतर गिऱ्हाइकांकडेही बघत होती. पण खरं सांगायचं तर त्यांचे प्रश्न तिला आता फिकट वाटू लागले होते. पोहण्याचा तलाव किती वाजता उघडतो, हे काय विचारणं झालं?

निघायला तीन आठवडे राहिले असताना शुक्रवारी फोन वाजला आणि माझुंगूंचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. त्या ह्लेंगीवेला कुळाच्या नावाने हाक मारत, चेले मंडळींना मानाने मारतात तशी.

"न्दोसी, आज एकच प्रश्न आहे. पण तो माबियेला गोगोंचा आहे."

माबियेला मंडळातल्या सगळ्यांत वयस्क, एकोणऐंशीच्या, म्हणून सगळ्यांच्या गोगो, म्हणजे आजी. त्यांचे यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले आणि एशोवेच्या टेकडीवर घरामागेच त्यांना पुरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला गोगो मागच्या दारात उभ्या राहून दिवसभरात काय झालं ते यजमानांना सांगत. कोंबडीने अंडं कुठे घातलं, सुनेने काय उत्तर दिलं, सगळं. यात विशेष काही नाही, एशोवेत निम्मी घरं असंच करतात. मुलाकडे डरबनला गेल्या तरी त्यांना अडचण येत नसे. घर जागचं हलत नाही, एकदा उत्तर दिशा कुठे ते विचारून घेतलं की काम झालं. पण जहाज हलतं. वळतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला, शनिवारी सहाला आणि रविवारी सहाला जहाजावर उभं राहिल्यावर एशोवे नेमकं कोणत्या बाजूला असेल?

"आणि हे कळलं नाही तर गोगो येणार नाहीत," माझुंगू म्हणाल्या. "मी समजावून बघितलं. त्या म्हणतात, अकरा वर्षांत एक दिवस चुकवला नाही, आता भलत्याच गावच्या माणसाला माझ्या घरच्या गोष्टी सांगत बसू का?"

ह्लेंगीवे नेहमीचं 'विचारून सांगते' म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पण तिचा हात रजिस्टरवरून हलेना. असा प्रश्न कुणाला विचारायचा असतो, हे तिला पहिल्यांदाच समजत नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आता हे सोड," ते म्हणाले, आणि ते वाईट बोलले असं नाही, मऊच बोलले. "त्या बाई राहू देत घरी. एकवीस जातील."

"एकवीस गेल्या तर मी राहते, साहेब."

"मग पुढच्या वर्षी जा."

हे 'पुढच्या वर्षी' ह्लेंगीवेने इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यावर उत्तर द्यायचीही तिने तसदी घेतली नाही. तिने सरळ जहाजावरच्या दिशा बघणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, त्याचं नाव एत्तोरे. दुसऱ्या दिवशी त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, की आपण थट्टा करत आहात का?

आता ह्लेंगीवेचा हट्टी चेले स्वभाव जागा झाला. तिने लिहिलं: "थट्टा नाही. या बाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांना आपल्या नवऱ्याशी बोलायचं आहे. एशोवे कोणत्या बाजूला आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर डरबन कोणत्या बाजूला आहे हे तरी तुम्हाला ठाऊक असेल का, अशी शंका माझ्या बावीस बायकांना येईल." पत्र गेलं. साहेबांनी वाचलं असतं तर त्यांचा चहा सांडला असता.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दोन पानांचं उत्तर आलं. एत्तोरेने लिहिलं होतं की पंधरा वर्षं तो जहाजं नेतो आणतो आहे आणि या पंधरा वर्षांत प्रवाशांनी त्याला एकच दिशा विचारली, जेवणाच्या हॉलची. खाली नीट आखलेला तक्ता होता. शुक्रवारी सहाला एशोवे जहाजाच्या नाकासमोर, किंचित डावीकडे. रविवारी परतताना उजव्या हाताला, जरासं पुढे. शनिवारची पंचाईत होती, कारण नांगर टाकलेलं जहाज वाऱ्याबरोबर फिरतं. म्हणून शनिवारी जहाजाचा भरवसा धरू नये, मावळतीचा सूर्य उजव्या खांद्यावर घ्यावा आणि मग थोडं त्याच्याकडे कलावं. ढग असल्यास मी स्वतः येऊन दाखवीन, असं शेवटी लिहिलं होतं.

ह्लेंगीवेने फोनवर तो तक्ता वाचून दाखवला. माझुंगूंनी एकेक ओळ शेजारी बसलेल्या गोगोंना मोठ्याने सांगितली. मग माझुंगू म्हणाल्या, "गोगो हसतायत, न्दोसी. त्या येतात म्हणाल्या."

ह्लेंगीवेने फोन ठेवला आणि जागच्या जागी बसून मोठ्याने हसली. असं उत्तर डरबनमधल्या कुठल्याही ऑफिसाने आजवर दिलेलं नव्हतं, आणि ते तिने मिळवलं होतं.

हा आनंद पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकला. गोगोंना तक्ता मिळाला म्हटल्यावर बाकीच्या एकवीसजणींनी काय घोडं मारलं होतं? कुणाचे यजमान न्कांडलाला होते, कुणाचे आईवडील मेलमथला, एकीचे थोरले भाऊ जोहान्सबर्गच्या खाणीपाशी. एका बाईंचा नवरा तर गेलेलाच नव्हता, वीस वर्षांपूर्वी पळून गेला होता आणि तो न्यूकॅसलला राहतो असं ऐकिवात होतं.

"त्यांना न्यूकॅसल कशाला हवंय, मा?" ह्लेंगीवेने विचारलं.

"पाठ कोणत्या बाजूला करून उभं राहायचं ते कळायला."

ह्लेंगीवेने बावीस गावांची यादी जोडून एत्तोरेला पत्र पाठवलं. आता तो आपल्याला समुद्रात बुडवणार असं तिने धरून ठेवलं होतं. पण ज्या माणसाला पंधरा वर्षं फक्त जेवणाच्या हॉलचा रस्ता विचारला गेला, त्याची भूक काही वेगळीच होती. त्याने बावीस तक्ते पाठवले, प्रत्येकावर बाईंचं नाव, आणि न्यूकॅसलच्या तक्त्यावर बाण उलटा काढलेला.

शुक्रवारी दुपारी बंदरावर गुरुवार मंडळ दाखल झालं, सगळ्याजणी चर्चच्या गणवेशात, लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी. जहाजावर अन्न न्यायला बंदी आहे हे ह्लेंगीवेने कळवलं होतं आणि बायकांनी ते मानलं होतं. पण बंदरापर्यंतच्या रस्त्यावर अन्नाला बंदी आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. शिडीपासून दहा पावलांवर त्यांनी टोपल्या उघडल्या, भाजलेल्या कोंबड्या, उकडलेली अंडी आणि वाफवलेला पाव काढून मागच्या सगळ्या रांगेला वाटला, आणि रिकाम्या टोपल्या पोचवायला आलेल्या मुलांच्या हाती दिल्या. ह्लेंगीवेनेही एक तंगडी आणि दोन अंडी खाल्ली. मग तिने शिडीवर पाय ठेवला. आठ वर्षांची वाट बघणं त्या एका पावलात संपलं, आणि तिला इतका अभिमान वाटला की तिने खाली उभ्या असलेल्या साहेबांकडे मुद्दाम वळून पाहिलं.

जहाज बंदराच्या भिंतीबाहेर पडलं आणि पहिली मोठी लाट आली. दुसरी आली. तिसरी येईपर्यंत ह्लेंगीवे आपल्या खोलीत आडवी झाली होती. तिला बोट लागली होती, आणि अशी लागली होती की तसं लागलेलं माणूस जहाजाच्या डॉक्टरनेही पाहिलं नव्हतं. बावीस बायकांनी बावीस गोळ्या, आलं, लिंबू, प्रार्थना आणि पाठीवर चापट्या असे सगळे उपाय केले. स्वतः त्यांना काही म्हणजे काही झालं नाही. जन्मभर एशोवेच्या डोंगरातल्या टॅक्सीत मागच्या सीटवर बसलेल्या बायकांना समुद्र काय करणार?

एकशे त्रेचाळीस प्रश्न विचारून झाले होते, पण सोबतीणबाईला बोट लागली तर काय, हे एकीनेही विचारलं नव्हतं.

सोबतीणबाई आडवी, त्यामुळे सोबतीचं काम माझुंगूंच्या वहीवर आलं. वहीत सगळं होतं. माझुंगू वही घेऊन जहाजभर फिरल्या आणि एकेक उत्तर पडताळून त्यापुढे बरोबरची खूण करत गेल्या. जिने बरोबर. होडी क्रमांक नऊ जागेवर. रात्रपाळीच्या माणसाला भेटून त्यांनी त्याची चौकशीही केली. शनिवारी माशांडूंनी भर समुद्रात बाटली भरली. संध्याकाळी सहाला बावीस बायका कठड्यापाशी बावीस दिशांना तोंडं करून उभ्या राहिल्या, एक पाठ करून, आणि बाकीचे प्रवासी हे काय चाललंय म्हणून विचारू लागले. शनिवारी रात्रीपर्यंत लोक माहितीच्या खिडकीवर जायचं सोडून माझुंगूंकडे यायला लागले होते.

एत्तोरे ह्लेंगीवेला भेटायला म्हणून खाली तळाच्या तिच्या बिनखिडकीच्या खोलीत आला. ती पलंगावर बादलीला मिठी मारून पडली होती. त्याने टोपी काढली आणि म्हणाला की ते पत्र लिहिणारी बाई त्याला एकदा बघायची होती. ह्लेंगीवेने बादलीतून डोकं वर काढलं.

"रविवारी वारा बदलणार म्हणे," ती म्हणाली. "तक्ता बरोबर राहील ना?"

राहील म्हणाला तो. तिने मान हलवली आणि डोकं पुन्हा बादलीत घातलं.

रविवारी संध्याकाळी सहाच्या जरा आधी माझुंगू आल्या, त्यांच्यामागे माबियेला गोगो. माझुंगूंनी वही मिटून ठेवली होती. "न्दोसी, तुझ्या आजीला कुठे पुरलंय?" त्यांनी विचारलं.

"उमझिंटोला," ह्लेंगीवे म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, बावीस तक्ते मागवले आणि तेविसावा मागवायचा राहून गेला. तिला एकाएकी रडू आलं. "माझ्याकडे दिशा नाही, मा."

"त्यात काय? उमझिंटो डरबनच्या पुढे, आणि आपण चाललोय डरबनकडेच. म्हणजे जहाजाच्या नाकासमोर." माझुंगूंनी खोलीत एक फेरी मारली, अंदाज घेतला आणि न्हाणीघराच्या दाराकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. जहाज डोलत होतं, पण त्या हलल्या नाहीत.

"न्दोसी, मगाये," त्या आजीला कुळाच्या मानाच्या नावांनी हाक मारत शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "तुमची नात जहाजावर आहे. तिला उभं राहता येत नाही म्हणून मी सांगते. या पोरीने आम्हा बावीस म्हाताऱ्यांना मनात येईल ते विचारू दिलं. लोक हसले, ही हसली नाही. एकदाही माहीत नाही म्हणाली नाही, दर वेळी विचारून सांगते म्हणाली, आणि विचारून सांगितलं. तुम्हाला अभिमान वाटावा अशी आहे. आता तिचं पोट तेवढं बघा."

गोगोंनी मान डोलावली. "ऐकलं त्यांनी," त्या म्हणाल्या, आणि सहा वाजले म्हणून आपल्या यजमानांशी बोलायला वर गेल्या. ह्लेंगीवे भिंतीकडे वळून पोटभर रडली. पोटात दुसरं काही उरलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी बावीस बायका बंदरावर उतरल्या, टवटवीत आणि थोड्या जाड होऊन. सगळ्यांत शेवटी दोघींच्या खांद्यांवर हात टाकून ह्लेंगीवे उतरली. जमीन तिच्या पायाखाली अजून डोलत होती. तिला एका बॅगेवर बसवलं आणि बायका सामान आणायला गेल्या.

जहाजाची पुढची, सोमवार ते शुक्रवारची फेरी चार तासांवर होती आणि नवे प्रवासी आत्तापासूनच रांगेत उभे होते. साहेब त्यांच्यात हिंडत होते. पाइनटाउनहून आलेला एक किडकिडीत निवृत्त गृहस्थ हातात कागद घेऊन त्यांना विचारत होता की तळाच्या, बिनखिडकीच्या खोलीत छताचा आवाज येतो का? त्याची बायको घड्याळाच्या टिकटिकीनेही जागी होते.

"जहाज मस्त आहे," साहेब म्हणाले. "मी सात वेळा गेलोय."

"ते झालं. पण छताचा आवाज?"

साहेबांनी कपाळ पुसलं. ह्लेंगीवे बॅगेवरून उठली.

"येतो," ती म्हणाली. "जहाज डावीकडे कललं की दोनदा, उजवीकडे कललं की एकदा. छताला अठ्ठेचाळीस स्क्रू आहेत, त्यातला तिसऱ्या रांगेतला दुसरा नाहीये. तिथे कागदाची घडी खोचली की आवाज थांबतो. चार घड्या घाला, तीन घातल्या तर पडते."

गृहस्थाने हे लिहून घेतलं. त्याच्या मागच्या बाईने विचारलं, आणि बादली कुठे असते? पलंगाखाली उजव्या हाताला, झोपल्या झोपल्या हात पोचतो. न्हाणीघराच्या दाराचा दांडा? बोटभर वर उचलून ओढायचा, ओढून उचलला तर अडकतो. भिंतीचा रंग? वरून पांढरा, पलंगाजवळ जरा पिवळा, आणि गार लागतो, कपाळ टेकवायला बरा. एकामागून एक प्रश्न येऊ लागले. साहेबांभोवतीची रांग आपोआप वाकडी होत ह्लेंगीवेभोवती आली, आणि साहेब स्वतःही तिच्या मागे उभे राहून ऐकू लागले.

ती स्वतः जहाजावर गेली होती का, हे कुणी विचारलं नाही. ते तिच्या अजून डोलत उभं राहण्यावरूनच दिसत होतं.